कुलूप लागलेली घरं आणि छप्पर शोधणाऱ्या बाया

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतो आहोत. आजचा विषय आहे घर. घरकुलाची यादी, हप्ता, फोटो यावर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते जुन्या, रिकाम्या घरांवर आणि वापरात नसलेल्या जुन्या शाळांवर.

आपापलं गाव डोळ्यापुढे आणा. जुन्या वस्तीत एक तरी मोठं घर असं असतं की ज्याच्या फाटकाला गंजलेलं कुलूप आहे. सागवानाचे खांब, कवेलूचं छप्पर, समोर ओसरी, मागे विहीर. मुलं पुण्याला, नागपूरला गेली. म्हातारी माणसं वारली. दिवाळीला कोणी येतं, उदबत्ती लावतं आणि परत जातं. त्याच गावात एक बाई असते. नवरा गेला, किंवा त्यानं टाकलं, किंवा लग्नच झालं नाही. ती भावाच्या नाहीतर दिराच्या घरामागे टिनाच्या छपरीत राहते. उन्हाळ्यात टिन तापतं, पावसाळ्यात गळतं, आणि वर्षातून दोनदा कोणीतरी ऐकवतं की छपरी खाली कर, ढोरं बांधायची आहेत.

एकाच गावात रिकामं घरही आहे आणि घर नसलेली बाईही आहे. या दोघांची गाठ घालता येईल का, हा आमच्या बैठकीतला प्रश्न होता. घालता येते असं आम्हाला वाटतं. पण त्याला एक क्रम आहे. आधी कागद, मग भिंत, मग राहण्याचे नियम. हा क्रम चुकला की चांगलं कामही भांडणात जातं. तोच क्रम आज सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. इमारतीचं काम बदलणं हे आपल्याकडे नवं नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, ती भिड्यांच्या वाड्यात. म्हणजे राहतं घर शाळा झालं. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या वाड्यात सेवासदनाचं काम सुरू झालं आणि बायका तिथे शिकू लागल्या. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं उदाहरण तर याहून जवळचं. पवनारला धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला होता. १९३८ मध्ये विनोबा तिथे राहायला गेले. १९५९ मध्ये त्याच जागी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं, बायांसाठी. बाया तिथे एकत्र राहतात, शेती करतात, कारभार स्वतः बघतात. एका श्रीमंत माणसाचा बंगला आधी आश्रम झाला आणि पुढे बायांचं घर झाला.

भिडे वाड्याचं पुढे काय झालं तेही ऐकून ठेवा. त्या जागेवर हक्क कोणाचा, यावर वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला. तेवढ्या काळात वाडा ढासळत गेला. निकाल लागला तोवर वाचवण्यासारखं फार उरलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला, आता तिथे स्मारक व्हायचं आहे. देशभर नाव असलेल्या वाड्याची ही गत झाली, तर आपल्या गल्लीतल्या वाड्याला कोण विचारतो? वाद मिटेपर्यंत पाऊस थांबत नाही. म्हणून आम्ही कागद पहिला म्हणतो.

पहिली पायरी : घर कोणाचं?

रिकाम्या घराचा मालक कोण, असं गावात विचारलं की लोक एका माणसाचं नाव सांगतात. कागद काढला की बहुतेक वेळा तिथे मेलेल्या आजोबांचं नाव निघतं. वारस दहा, त्यांतल्या चौघी मुली, एक विधवा सून. त्यांची नावं कुठेच नाहीत.

ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा. ज्या गावांत ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली आहे, तिथे मालमत्ता पत्रक मिळतं. ती स्वामित्व योजना, २०२० साली सुरू झाली. एक लक्षात ठेवा. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे. त्यावर नाव असणं उपयोगाचं असतं, पण तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. आणि त्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला, असंही होत नाही.

आता कायद्याचं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मागे त्याच्या वाट्यात बायको वारस आहे, मुलं आहेत, मुली आहेत, सासूही आहे. पण त्या कायद्यात २३ वं कलम होतं. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. भावांनी वाटणी केली तरच तिला वाटा मिळायचा. तोपर्यंत फक्त राहायचा हक्क, आणि तोही ती बिनलग्नाची, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी राहत असेल तरच. हे कलम २००५ मध्ये काढून टाकलं. म्हणजे बापाच्या घरात मुलीचा वाटा आहे आणि तो मागायला भावाची परवानगी लागत नाही. हा कायदा बौद्ध, जैन, शीख घरांनाही लागू आहे. मुस्लिम बहिणींचा कायदा वेगळा आहे, पण विधवेचा आणि मुलीचा वाटा तिथेही ठरलेला आहे. आदिवासी बहिणींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रूढी बघितली जाते. त्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं. वकिलाच्या फीची चिंता नको. बाईला तिचं उत्पन्न किती आहे ते न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

कायदा आहे, पण हातात काय पडतं? २०१८ मध्ये महिला किसान अधिकार मंचानं, म्हणजे मकामनं, विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ बायांशी बोलून पाहणी केली. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या बाया त्यात निघाल्या फक्त ३५ टक्के. शंभरातल्या पासष्ट जणींना घरातून काढलं तर दाखवायला कागद नाही. आपला यवतमाळ जिल्हा या दुःखाच्या नकाशावर कुठे आहे, हे तुम्हाला सांगायला नको. नवरा गेल्यावर पंचनामा होतो, पुढारी येतात, फोटो निघतात. घराच्या उताऱ्यावर तिचं नाव चढलं का, हे मात्र कोणी विचारत नाही. ते आपल्या गटानं विचारायचं.

म्हणून रिकामं घर वापरायचं ठरलं तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट, तिचा स्वतःचा वाटा असेल तर. गावात अशी बाई छपरीत राहते आणि सासरचा वाडा कुलूप लावून पडलेला आहे, त्यात तिच्या नवऱ्याचा वाटा आहे, असं पुष्कळदा असतं. तिथे कोणाची मेहेरबानी नको. वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. भासरे, दीर, जाऊबाई यांच्याशी बोलणं करायचं. दोन खोल्या आणि यायची-जायची वाट तिच्या नावावर लिहून घ्यायची. वाट विसरू नका. खोली मिळाली आणि फाटक दुसऱ्याच्या ताब्यात राहिलं, तर तो वाटा कागदावरच राहतो. विहीर किंवा नळ, संडासाची जागा आणि सांडपाण्याची नाली हेही लिहून घ्या.

दुसरी वाट, घर दुसऱ्याचं असेल तर. मालकाला भीती असते की बाई एकदा राहायला आली तर निघणार नाही. बाईला भीती असते की घर लिंपून-सारवून नीट केलं की मालक येईल आणि निघ म्हणेल. दोघांची भीती खरी आहे. त्यावर उपाय एकच, लेखी आणि नोंदणी केलेला करार. किती वर्षं, भाडं किती, दुरुस्तीला कोणी किती पैसे घातले, मुदतीआधी निघायला सांगितलं तर दुरुस्तीचे पैसे परत कसे मिळतील, सारं लिहायचं. वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांची सही हवी. सगळ्या वारसांची सही मिळत नसेल, तर त्या घरात एक रुपयाही घालू नका. घर कितीही चांगलं असो.

दुसरी पायरी : घर उभं राहील का?

जुन्या घराचं कौतुक करणारे म्हणतात, पूर्वीचं काम पक्कं. नावं ठेवणारे म्हणतात, मातीचं घर म्हणजे धोका. दोघंही न बघता बोलतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. अशा वेळी हातभर जाडीची मातीची भिंत दिवसाचा ताप आत लवकर येऊ देत नाही. टिनाखाली दुपारी बसवत नाही, कवेलूखाली बसवतं. शिवाय खांब, तुळया, दारं, चौकटी जागेवर आहेत. आजच्या भावानं सागवान आपल्याला परवडणार नाही. म्हणून तर जुने वाडे पाडून लाकूड विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. आपला खांब शहरातल्या हॉटेलात शोभेला उभा राहतो आणि आपण टिन विकत आणतो.

पण जुनं घर जीवही घेतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. जवळपास आठ हजार माणसं गेली. तिकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. दरवर्षी गळती थांबवायला वर माती टाकायची. असं करत छताचं वजन वाढत गेलेलं. भिंतीला आतून आणि बाहेरून दगडाचा एकेक थर, मधे खडी-माती, आणि दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तसे थर फुटून वेगळे झाले आणि वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

त्यानंतर सरकारनं ५२ गावं नव्या जागी वसवली. पण त्याहून कितीतरी जास्त घरं, दोन लाखांच्या आसपास, होती तिथेच दुरुस्त आणि मजबूत करायचं ठरलं. इतक्या घरांत सरकारी इंजिनिअर किती पोचणार? तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेच्या पुढाकारानं गावातल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. हजारावर गावांत हे काम चाललं. त्या आपल्यासारख्याच बाया होत्या, मजुरी करणाऱ्या, थोडं शिकलेल्या. त्यांनी योजना समजून घेतली, घरोघर समजावली, काम कसं चाललंय ते पाहिलं, इंजिनिअरला प्रश्न विचारले. छतावरची जादा माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोड द्यायचे. भिंतीला चारही बाजूंनी पट्टा बांधायचा. लाकडी खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे आधार ठोकायचे. ही भाषा बाया बोलू लागल्या. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा यातल्या बाया तिकडच्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

हे मुद्दाम सांगतो. कारण बैठकीत कोणीतरी म्हणतंच, की बांधकामातलं आपल्याला काय कळतं? मैत्रिणींनो, भिंत आपण सारवतो. ओल कुठून चढते, पोपडा कुठे सुटतो, वाळवीची माती कोणत्या कोपऱ्यात दिसते, हे घरातल्या पुरुषाआधी आपल्याला कळतं. तेच ज्ञान घेऊन घर तपासायचं.

आधी छप्पर बघा. आत उभं राहून वर बघायचं, कुठून उजेड येतो ते. कवेलू फुटले असतील तर तो खर्च लहान आहे. वासे वाकले असतील तर मोठा.

मग लाकूड. खांबाच्या बुडाशी आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी बोटानं ठोका. पोकळ आवाज आला किंवा विळ्याचं टोक सहज आत गेलं, तर वाळवीनं खाल्लं आहे. खांबाचं बुड खराब असेल तर सुतार तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडतो किंवा खाली दगडी बैठक देतो. सगळा खांब टाकायची गरज नसते.

मग भिंत. बारीक, केसासारख्या भेगा लिंपणाच्या असतात, त्यांना घाबरू नका. हाताचं बोट जाईल अशी भेग, कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटलेल्या, किंवा भिंत मधेच पोट काढून उभी, ही धोक्याची खूण. तिथे इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय मूल सोडा, शेळीही बांधू नका. भेग वाढते का ते बघायला तिच्यावर चिखलाचा किंवा चुन्याचा लहान पट्टा लावा, तारीख लिहा आणि महिन्यानं बघा. पट्टा फुटला तर भिंत अजून सरकते आहे.

शेवटी पाणी. मातीच्या घराचा शत्रू पाणी. छपराची पागोळी भिंतीच्या बुडाशी पडते का, शेजारच्या मोरीचं पाणी जोत्याशी मुरतं का, हे पावसाळ्यात जाऊन बघा. नाली काढली आणि छप्पर थोडं पुढे ओढलं, तर अर्धी दुखणी तिथेच बरी होतात.

एक मोठी चूक सगळीकडे होते. मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करतात. दिसायला पक्कं दिसतं. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, भिंत आतून सैल होते आणि दोन-चार पावसाळ्यांनी प्लास्टरचा तवाच्या तवा निघून येतो. मातीला माती किंवा चुनाच लावायचा. विश्वास बसत नसेल तर सेवाग्रामला जा. १९३६ नंतरची बापूकुटी आजही उभी आहे, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. मुळात ती मीराबेनची कुटी होती, नंतर गांधीजी तिथे राहायला आले. वर्षावर्षाची डागडुजी चुकू दिली नाही म्हणून ती टिकली. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. कमी खर्चाची, मातीची घरं हाच तिथल्या कामाचा एक विषय आहे. गटाची सहल काढायची असेल तर या दोन्ही ठिकाणी काढा.

दुरुस्तीचाही क्रम आहे. छप्पर पहिलं, मृगाचा पाऊस पडायच्या आत. भिंती हिवाळ्यात, म्हणजे माती सावकाश वाळते. वीज जोडणी नवीन, जुनी वायर ठेवू नका. जमीन सगळ्यात शेवटी.

पैसा

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरकुलासाठी एक लाख वीस हजार रुपये मिळतात, घर कमीत कमी २६९ चौरस फुटांचं हवं. रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी आणि संडासासाठी बारा हजार वेगळे जोडता येतात. घर मंजूर होतं ते बाईच्या किंवा दोघांच्या नावे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण हा पैसा नव्या पक्क्या बांधकामाचा आहे. जुना वाडा दुरुस्त करायला तो मिळत नाही. म्हणून काही घरी चांगलं सागवानी घर पाडून तिथे एक खोली उभी राहते. पैसे कमी पडले की तीही अर्धीच राहते. आमचं म्हणणं घरकुल घेऊ नका असं नाही. ज्यांचं नाव यादीत आहे त्यांनी जरूर घ्यावं. पण पाडण्याआधी गवंडी आणि सुतार दोघांनाही बोलवा, दुरुस्तीचा आणि नव्याचा असे दोन अंदाज लेखी घ्या आणि मग ठरवा. जुनं ठेवून मागच्या मोकळ्या जागेत घरकुल बसतं का, तेही ग्रामसेवकाला विचारा.

दुरुस्तीला गटाचं अंतर्गत कर्ज कामाला येतं. एका वर्षी छप्पर, दुसऱ्या वर्षी भिंती आणि मोरी, असे तुकडे केले तर हप्ता झेपतो. आणि बाईच्या हातात कागद नसेल तर गटानं कर्ज देऊ नये. हे कठोर वाटेल. पण तिनं कर्ज फेडायचं आणि घर दुसऱ्यानं घ्यायचं, असं होऊ द्यायचं नाही.

जुनी शाळा

आता शाळेकडे येतो. इथे पहिलं वाक्य हे, की ज्या शाळेत एक जरी मूल शिकत असेल तिच्याकडे दुसऱ्या कामासाठी बघायचं नाही. पट कमी आहे म्हणून शाळा बंद करा, असं कोणी म्हणत असेल तर आपण शाळेच्या बाजूनं उभं राहायचं. लहान मुलीची शाळा लांब गेली की तिचं शिक्षण सुटतं, हे आपल्याला माहीत आहे.

आपण बोलतो आहोत ते शाळा नव्या इमारतीत गेली आणि जुन्या खोल्या तशाच पडल्या, त्यांविषयी. अशा खोल्यांत पत्ते चालतात, दारू चालते, बाया तिथून संध्याकाळी जायला घाबरतात. ती इमारत पुन्हा वापरात आली तर तो कोपराही सुरक्षित होतो.

शाळेची इमारत घरासाठी सोयीची असते. ओळीनं खोल्या, समोर लांब ओसरी, मोठ्या खिडक्या, हातपंप, आवार. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांना तिथे शेजारी-शेजारी राहता येईल, प्रत्येकीची खोली वेगळी आणि ओसरी सगळ्यांची. अपडाऊन करणाऱ्या नर्सबाई आणि शिक्षिकांना गावात राहायला जागा मिळेल. खेड्यापाड्यांतून कॉलेजसाठी येणाऱ्या मुलींना वसतिगृह होईल. बीडकडे ऊसतोडीच्या हंगामात आईबाप बाहेर गेले की मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, गावातल्या शाळेच्या आधारानं. मुलं गावात राहिली म्हणून शाळेत राहिली.

जगातही हे होतं आहे. अमेरिकेत गावोगावच्या विटांच्या जुन्या शाळांत वर्गखोल्यांची छोटी घरं करून म्हातारी माणसं राहतात. ज्या वर्गात शिकले त्याच वर्गात कोणी म्हातारपणी राहायला येतात. ऐतिहासिक इमारत नीट जपून वापरात आणली तर तिथलं सरकार करात सूट देतं. जपानमध्ये २०२३ च्या मोजणीत ९० लाख घरं रिकामी निघाली. बंद पडलेल्या शाळा कोणाला कशासाठी हव्यात, हे तिथलं शिक्षण खातं जाहीर विचारतं. आपल्याकडे असं विचारणारी यंत्रणा गावात नाही. म्हणून विचारायचं काम ग्रामसभेत आपण करायचं.

काय करायचं? जिल्हा परिषदेच्या शाळेची मालक जिल्हा परिषद. ग्रामपंचायतीनं किल्ली दिली म्हणून खोली आपली होत नाही. जमीन कोणी दान दिली असेल तर दानपत्र बघा, शिक्षणासाठीच वापरावी अशी अट त्यात असू शकते. आधी ग्रामसभेचा ठराव. त्यात इमारत कशासाठी, कोणासाठी आणि सांभाळणार कोण, हे स्पष्ट लिहा. ठराव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. बांधकाम विभागाच्या अभियंत्याची तपासणी मागा, आणि ती लेखी मागा. अभियंत्यानं इमारत धोकादायक म्हटली, निर्लेखन करा म्हणून सांगितलं, तर हट्ट धरू नका. त्या वेळी जागा कशासाठी राखायची, एवढंच बोला.

मंजुरी मिळाली तरी वर्गखोली म्हणजे घर नव्हे. चुलीचा किंवा गॅसचा धूर जायला वाट हवी. संडास आणि न्हाणी जवळ हवी, आणि कडी आतून लागली पाहिजे. खिडकीला खालच्या अर्ध्या भागात आडोसा हवा, नाहीतर बाईला लुगडं बदलायला जागा नाही. रात्री आवारात दिवा हवा. नकाशा काढताना या गोष्टी पुरुषांच्या ध्यानात येत नाहीत. म्हणून नकाशा काढताना तिथे राहणाऱ्या बाया हजर हव्यात.

तिसरी पायरी : राहायचे नियम

घर मिळालं की भांडण किल्लीवरून सुरू होतं. म्हणून आधीच ठरवा. कोण राहणार हे ग्रामसंघानं खुल्या बैठकीत ठरवायचं, अध्यक्षबाईच्या नात्यावरून नाही. ज्या बाईला घर मिळालं तिच्या खोलीची किल्ली तिच्याच हातात. कोणी तपासणीला येणार असेल तर दार वाजवून यायचं. थोडं का होईना भाडं घ्यायचं आणि पावती द्यायची. त्या पावतीमुळे ती कोणाच्या दयेवर राहत नाही, तिच्या राहण्याचा पुरावा तयार होतो. पावतीचे पैसे दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात. कवेलू फेरायला दर उन्हाळ्यात पैसे लागतातच.

तिच्याकडे कोण येतं, ती किती वाजता घरी परतते, यावर गावाचे नियम नकोत. आपण तिला घर देतो म्हणून तिची पहारेकरीण होत नाही. एकटी बाई म्हटली की पाच तोंडं पाच गोष्टी बोलतात, आणि त्यातलं एक तोंड कधी कधी आपल्याच गटातलं असतं. हे बैठकीत मोकळेपणानं बोलून घ्या, नाहीतर चांगल्या भिंतींतही तिला राहवणार नाही.

जाता जाता, बैठकीसाठी तीन कामं.

एक, आपल्या वॉर्डात फिरून रिकाम्या घरांची आणि खोल्यांची वही करा. घर कोणाचं म्हणतात, कागदावर कोणाचं आहे, किती वर्षं बंद आहे, छप्पर कसं आहे. एवढे चार रकाने पुरे.

दोन, ज्या बायांना स्वतःच्या नावाचं छप्पर नाही त्यांची दुसरी वही करा. ही वही त्यांना विचारून करा, आणि चारचौघांत वाचू नका. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवा. एखादं रिकामं घर आणि एखाद्या बाईचा वाटा एकाच आडनावाखाली सापडेल, तिथून सुरुवात करा.

तीन, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हा कायदा आहे. जुन्या शाळेचा आणि घरावर बाईचं नाव लावण्याचा विषय त्या सभेत लिहून द्या आणि पोच घ्या. महिला सभेत झालेला ठराव ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे, यासाठी आपल्यातल्या चार जणी ग्रामसभेला पुढच्या रांगेत बसा.

तुमच्या गावातल्या वहीत काय निघालं ते आम्हाला लिहून कळवा. कुठे वाट अडली तेही कळवा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू.